मागच्या बाजूचं कंपाउंड : प्रकल्प नोंदी, गोकुळ शिरगाव

१८ नोव्हेंबर

आज कंपाउंडच्या नव्या कामाची साइट बघून आलो. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली फौंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना), पुढची बाजू रस्त्याला लागून, तिथं दगडी भिंत, लोखंडी गेट, केबिन, कॅमेरे सगळं झकपक. मागची बाजू ओढ्याला लागून आणि ओढ्यापलीकडं ऊस, आत्ता तोडणीला आलाय म्हणजे माणूस उभा राहिला तरी दिसायचा नाही. चोऱ्या सगळ्या मागनंच झाल्यात. तांब्याची केबल, गनमेटलचं भंगार, आणि शेवटच्या खेपेला ॲल्युमिनियमचे पॅटर्न (ज्याच्यावरनं ओतकामाचा साचा पाडतात ते नमुने) नेले, ते भंगारात किलोच्या भावानं जाणार पण कारखान्याला नव्यानं करून घ्यायला महिना-दीड महिना जातोय, त्यामुळं मालक चांगलेच पेटलेत.

त्यांचं म्हणणं सरळ आहे. "दहा फूट उंच करा, वर काट्याचं रिंगण टाका, विषय संपवा." मी म्हटलं साहेब आधी फिरून बघतो मग सांगतो.

जुनं कंपाउंड म्हणजे बारा गेजची चेनलिंक (तारा एकमेकांत गुंफलेली जाळी; गेज म्हणजे तारेची जाडी, आकडा कमी तशी तार जाड), पाच फूट, तीन-तीन मीटरवर अँगल, जाळी बाइंडिंग तारेनं बांधलेली आणि वर काटेरी तारेच्या तीन ओळी. गंमत अशी की काटेरी तार जशीच्या तशी, कुठं वाकलेली नाही, दबलेली नाही, कापडाचा धागा अडकलेला नाही. खालची कड मात्र वीतभर वर आलीय, एका ठिकाणी माती उकरून पन्हाळीसारखी जागा केलीय आणि जाळीच्या टोकाला ग्रीस लागलेल्या बारदानाची चिंधी लटकतीय. वरनं कुणी गेलेलंच नाही, मग वर पाच फूट वाढवून कुणाला अडवणार?

दुसरं म्हणजे आतल्या बाजूला मोल्डिंग बॉक्स (साच्याच्या लोखंडी चौकटी) कंपाउंडला टेकवून रचलेत. आतनं माल बाहेर द्यायला आयत्या पायऱ्या. हे तर उद्याच हलवायला सांगितलंय, त्याला माझं कोटेशन लागत नाही.

२१ नोव्हेंबर

रात्री जेवण करून निवांत वाचत बसलो. कुंपण "मजबूत" आहे म्हणजे नेमकं किती, हे आपल्याकडं कुणी विचारत नाही, गेज विचारतात आणि फुटाचा दर विचारतात. आपलं भारतीय मानक आयएस २७२१ चेनलिंकसाठी आणि आयएस २७८ काटेरी तारेसाठी, त्यात तारेची जाडी, जाळीचं माप, जस्ताचा थर हे सगळं नीट दिलंय, पण माणूस हत्यार घेऊन आला तर किती वेळ टिकेल हा त्या कागदांचा विषयच नाही.

तो विषय इंग्लंडातल्या एलपीएस ११७५ या मानकात आहे. तिथं रेटिंगमधे एक अक्षर आणि एक आकडा असतो. अक्षर ए पासून एच पर्यंत, म्हणजे चोराच्या पिशवीत काय हत्यारं आहेत, अक्षर वर जाईल तशी हत्यारं दणकट. आकडा म्हणजे मिनिटं, १, ३, ५, १०, १५ नाहीतर २०. बी३ म्हणजे बी संचातली हत्यारं घेऊन तीन मिनिटं टिकलं. आधी एसआर१ ते एसआर८ असं होतं, २०१९ च्या आठव्या आवृत्तीपासनं हे अक्षर-आकडा आलं, जुनं एसआर३ म्हणजे आताचं सी५. मला हे लई आवडलं कारण रेटिंगमधेच कबूल केलंय की फुटणार आहे, फक्त कशानं आणि किती वेळात तेवढं बोला.

युरोपातलं ईएन १६२७ दारं, खिडक्या, शटर यांच्यासाठी आहे, कुंपणाला नाही, पण त्यातली पद्धत उचलण्यासारखी आहे. त्यातल्या आरसी२ या वर्गाला तीन मिनिटं, आरसी३ ला पाच, आरसी४ ला दहा. घड्याळं दोन चालतात, एक हत्यार प्रत्यक्ष चालू असेल तेवढ्यापुरतं आणि दुसरं दम खाणं, हत्यार बदलणं, विचार करणं धरून एकूण. आरसी२ ला तीन मिनिटं कामाची आणि एकूण पंधरा, आरसी३ ला पाच आणि वीस. आणि "आत गेला" म्हणजे काय तेही ठरलेलं, ४०० बाय २५० मिमीचा चौकोन किंवा ३५० मिमी व्यासाचा गोल आरपार गेला पाहिजे. नुसता हात गेला म्हणजे फुटलं असं नाही.

उद्या प्लायचा ४०० बाय २५० चा तुकडा कापून घेणार. वेल्डर मामांना सांगितलं तर म्हणाले, "एवढ्यातनं माणूस जातोय व्हय?" त्यांच्या पुतण्याला जाऊन बघायला लावलं. गेला की. आधी डोकं आणि एक खांदा, मग बाकीचा.

२६ नोव्हेंबर

उद्यमनगरात आपल्या शेडच्या मागं मोकळ्या जागेत चौकटी उभ्या केल्या, खाली काँक्रीट ओतून, कारण नुसत्या टेकवून ठेवलेल्या जाळीवर घाव घातला की ती हलते आणि काहीच कळत नाही. नमुने असे : साइटवर आहे तीच बारा गेज चेनलिंक, दहा गेज चेनलिंक, दोन इंची चौकोनाची वेल्डमेश, ३५८ जाळी, आणि पॅलिसेड म्हणजे उभ्या लोखंडी पट्ट्यांचं कुंपण.

३५८ काय ते मालकांना समजवायचंय म्हणून इथं लिहून ठेवतो. तीन इंच, अर्धा इंच, आठ गेज, त्याचेच आकडे जोडून नाव पडलंय. म्हणजे ७६.२ बाय १२.७ मिमीची भोकं आणि चार मिमी तार. तार वजा केली तर भोकाची उंची राहते ८.७ मिमी. त्यात बोट जात नाही, बुटाचं टोक जात नाही, आणि कटरचा जबडाही नीट बसत नाही. वजनाचा हिशोब केला, दहा गेजची दोन इंची चेनलिंक चौरस मीटरला अडीच ते पावणेतीन किलो भरते आणि ३५८ भरते नऊ किलो. म्हणजे तिप्पटीच्या वर लोखंड, मग दरही त्या हिशोबानं. शिवाय वारा. चेनलिंकमधनं वारा निघून जातो, ३५८ मधे एक तृतीयांशाहून जास्त जागा तारेनंच भरलेली असते, मग खांब आणि फाउंडेशन दोन्ही वाढवावं लागतं. हे कोटेशनमधे लोक विसरतात आणि दोन पावसाळ्यांत कुंपण झुकतं.

पॅलिसेडच्या पट्ट्या प्रेसवर डब्ल्यू घडी मारून घेतल्या. सपाट पट्टी हातानं वाकते, घडी मारली की तीच पट्टी हट्टी होते.

२९ नोव्हेंबर

चेनलिंकचा निकाल लागला.

नियम असा ठेवला की एक माणूस, पक्कड, दोन फुटी बोल्ट कटर, पहार, हेक्सा. ग्राइंडर शेवटी वेगळा. गॉगल आणि हातमोजे सगळ्यांना सक्तीचे कारण ताणलेली तार कापली की सपकन परत येते. मोबाईलचं स्टॉपवॉच माझ्याकडं.

बारा गेज मिनिट पुरं व्हायच्या आत गेली. आणि बघण्यासारखी गोष्ट ही की पोरानं फार काही कापलंच नाही. चेनलिंकमधे प्रत्येक उभी तार नागमोडी असते आणि शेजारच्या तारेत फिरवत अडकवलेली असते, त्यामुळं एक तार तुटली की ती फिरवत फिरवत ओढून काढता येते आणि मग जाळी वरपासनं खालपर्यंत स्वेटरसारखी उसवते. दुरुस्ती करणारे पण हेच करतात, तेवढाच भाग काढून नवीन विणतात. प्लायचा तुकडा सोडा, मोटरसायकल गेली असती.

मग दहा गेज. कटरला थोडा जोर जास्त लागला, बाकी तेच. म्हणजे तार जाड करून लोकांना वाटतं तेवढा फरक पडत नाही कारण काम कापण्याचं नाहीच, उसवण्याचं आहे. खालच्या कडेचं मात्र वेगळं झालं. एका चौकटीत खालची कड नुसती सोडली होती, ती पहार घालून एका हिसक्यात वर. दुसऱ्या चौकटीत खालनं ताणतार ओवून कड काँक्रीटमधे पुरली होती, तिथं पोरगं पहार घेऊन बराच वेळ झटत बसलं आणि शेवटी वैतागून कापायला घेतलं. चेनलिंक ठेवायचीच असली तर पैसा तिथं घालावा, खाली.

३० नोव्हेंबर

आजचा दिवस लांबला, संध्याकाळपर्यंत सगळे घामाघूम.

वेल्डमेशमधे उसवायची सोयच नाही, प्रत्येक सांधा वेल्ड केलेला. ४०० बाय २५० चं दार पाडायचं म्हणजे तीन बाजू कापून चौथी वाकवायची, दोन इंची चौकोनात एकवीस-बावीस तारा होतात. बोल्ट कटर जबड्यात आरामात बसतो, त्यामुळं कट-कट-कट करत जातं पण वेळ लागतो आणि हात भरून येतो. ३५८ मधे तेच दार आडवं पाडलं तरी पंचेचाळीस तारा, आणि इथं जबडा आत शिरतच नाही, टोकानं कुरतडावं लागतं. पोरगं दोन-चार तारा तोडून माझ्याकडं बघायला लागलं की दादा हे असंच करायचंय का.

मग त्यानं डोकं लावलं आणि जाळी सोडून क्लॅम्पकडं गेला. हाच तो क्षण ज्यासाठी ही सगळी खटपट केली. पॅनल खांबाला आठ मिमीच्या बोल्टनं, पत्र्याच्या छोट्या क्लॅम्पनं लावलेलं होतं, बाजारात जसं मिळतं तसं. पहारीचं टोक क्लॅम्पखाली घातलं, दोन हिसके, क्लॅम्प उघडला, खालचा पण तसाच, आणि नऊ किलोवाली महागडी जाळी पुस्तकाच्या पानासारखी बाजूला. तारेला ओरखडा नाही.

मामा म्हणाले, "जाळी वाघाची आन दावं सुतळीचं." रात्रीत नवीन केलं : खांबाच्या पूर्ण उंचीला ५० बाय ६ ची सलग पट्टी, जाळीची कड खांब आणि पट्टीच्या मधे दाबलेली, बोल्ट आरपार, नट आतल्या बाजूला आणि नट शिअर टाइपचा, म्हणजे ठरावीक ताणाला त्याचं षटकोनी डोकं तुटून पडतं आणि मागं नुसता गुळगुळीत शंकू राहतो, पाना बसत नाही. याच्यावर पहार टेकवायला जागाच सापडली नाही.

पॅलिसेडला जोर चांगला आहे पण तिथंही बोल्टच. पट्टी वर एक खाली एक बोल्टवर असते, खालचा गेला की पट्टी वरच्या बोल्टवर लोलकासारखी बाजूला फिरते. आडव्या पट्ट्या म्हणजे रेल बाहेरच्या बाजूला ठेवल्या तर चढायला पायरी होते ते वेगळंच, रेल कायम आत पाहिजे.

शेवटी बॅटरीवरचा ग्राइंडर. त्याच्यापुढं काही टिकलं नाही, हे आधीच माहीत होतं, पण आवाज असा की शेजारच्या वर्कशॉपातले अण्णा "काय पाडालायसा रं" म्हणत आले, मागनं चहावाला आला, आणि गल्लीतल्या मावशी गॅलरीतनं ओरडल्या की लेकरू झोपलंय. जाळी पडायच्या आत बघ्यांची गर्दी. उद्यमनगरात ठीक आहे. गोकुळ शिरगावला रात्री दोन वाजता ओढ्याकडं कोण ऐकणार, आणि फौंड्रीत रात्रपाळीला फर्नेसचा, शेकआउटचा (साचे फोडायचा) आवाज असतो तो वेगळाच.

४ डिसेंबर

सुट्टी होती म्हणून पोरांना घेऊन पन्हाळ्याला गेलो. तीन दरवाजा दरवेळी बघतो पण या खेपेला बिजागऱ्या, आगळ आणि चौक याकडंच लक्ष, बायको म्हणाली इथं पण मोजमाप काढणार का. दोन दरवाजांच्या मधे चौक ठेवलाय, पहिला फोडून आत आला तरी तो मोकळा झाला नाही, वरनं सगळ्या बाजूंनी बघणाऱ्यांच्या तोंडात आला. आगळ भिंतीतल्या खोबणीत सरकणारी, म्हणजे दारावरचा धक्का बिजागऱ्यांवर न येता भिंतीवर जातो. आपण गेटला दोन इंची कडी आणि कुलूप लावतो.

आणि एवढं सगळं असून १६७३ साली कोंडाजी फर्जंदांनी साठ मावळ्यांनिशी हाच गड रात्रीत घेतला, तो दरवाजा फोडून नाही, कड्यावरनं चढून, जिकडनं कुणी येणार नाही असं आतल्यांना वाटत होतं. फौंड्रीच्या मालकांना सांगायला हे उदाहरण चांगलं आहे, कोल्हापुरात गेज सांगण्यापेक्षा पन्हाळा सांगितला की लगेच पटतं.

९ डिसेंबर

रात्री साइटवर. वॉचमन तात्यांच्या बरोबर फेरी मारली. केबिन पुढच्या गेटला, मागचा कोपरा तिथनं दिसत नाही, मधे शेड, स्क्रॅपचा ढीग, वाळूचा ढीग. टॉर्च घेऊन सरळ चालत गेलो तर चार-साडेचार मिनिटं. तात्या साठीच्या पुढचे, फेरी तासाला एक.

हिशोब मांडला. चोर कुंपणाला हात लावल्यापासनं माल घेऊन परत बाहेर पडेपर्यंत त्याचा वेळ, आणि कुणालातरी कळल्यापासनं माणूस तिथं पोचेपर्यंत आपला वेळ. आपला वेळ कमी पाहिजे. पण यातली खोच अशी की कुंपणानं खाल्लेला वेळ कळल्यानंतरचा असेल तरच जमेला धरायचा. आत्ता कळतं कधी? सकाळी, पॅटर्न शॉपचा माणूस आल्यावर. म्हणजे मी दहा मिनिटं टिकणारं कुंपण लावलं आणि बाकी काही बदललं नाही, तर चोराला दहा मिनिटं जास्त घाम येईल, एवढंच. फेरी तासाची असेल तर त्याच्याकडं पन्नास मिनिटं निवांत आहेत.

तात्यांनी स्वतःच सांगितलं, "ऊस उभा असला की मला काय बी दिसत न्हाई, तोडणी झाली की पार पलीकडच्या वस्तीपर्यंत दिसतंय." चोऱ्या कधी झाल्या ते मालकांकडनं तारखा घेऊन बघितलं, सगळ्या ऊस उभा असतानाच्या.

१४ डिसेंबर

मालकांबरोबर बैठक. ते म्हणाले दहा फूट नको तर नको, मग तारेत करंट सोडूया, राधानगरीकडं गव्यासाठी सोडतात की. मी तिथंच स्पष्ट सांगितलं की मेनचा करंट कुंपणात सोडायचा असेल तर मी काम घेत नाही. त्यात डुकरं मरतात, गवे मरतात, रात्री पाणी पाजायला गेलेला शेतकरी मरतो, आणि सोडणाऱ्यावर मनुष्यवधाची केस होते. एनर्जायझरचं विजेचं कुंपण वेगळं, ते आयईसी ६०३३५-२-७६ प्रमाणं थोड्या थोड्या वेळानं मोजून छोटा झटका देतं, पाट्या लावाव्या लागतात, पण आपल्या ओढ्याकडच्या बाजूला गवत आणि वेली एवढ्या की झटका गवतातच जिरणार. सोडून दिलं.

ठरलं ते असं. ओढ्याकडची सगळी बाजू ३५८, आठ फूट, सलग पट्टीचे क्लॅम्प, खाली काँक्रीटचा पट्टा. दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांकडं वेल्डमेश, कारण तिकडं त्यांची पण रात्रपाळी असते, डोळे आहेत. वर काटेरी तारेची कॉइल फक्त मागं. कुंपणाला कंप ओळखणारी सेन्सर केबल फक्त मागं, केबिनमधे बझर. दोन फोकस आतनं बाहेर मारलेले. तांबं आणि पॅटर्न कुंपणापासनं लांब, मधल्या शेडमधे पिंजऱ्यात. पिंजरा सुचवला तेव्हा मालक म्हणाले मग बाहेर एवढा खर्च कशाला, मी म्हटलं साहेब पिंजरा फोडायला लागणारी मिनिटं बझर वाजल्यानंतरची आहेत, तीच सगळ्यात कामाची. हे त्यांना लगेच पटलं, धंद्याचा माणूस.

तात्यांनी एकट्यानं मागं पळायचं नाही हेही ठरलं. बझर वाजला की फोकस, सायरन, ११२, आणि शेजारच्या दोन कारखान्यांच्या वॉचमनना फोन.

२० डिसेंबर

मधेच एक वेगळी भानगड. बाजूच्या रस्त्याला उसाच्या सीझनमुळं ट्रॅक्टरची रांग, त्यातली भरलेली ट्रॉली मागं सरकून बाजूच्या कोपऱ्याच्या खांबाला टेकली, खांब आडवा. कुणाला लागलं नाही. मालक म्हणाले गाडी घातली तरी पडलं नाही पाहिजे असं करा. तर तो वेगळा विषय. गाडी अडवायचा अडथळा अमेरिकेत एएसटीएम एफ२६५६ नं तपासतात, एम३० म्हणजे ६,८०० किलोचा ट्रक ताशी ४८ किमीनं, एम५० म्हणजे तोच ट्रक ताशी ८० नं, आणि पी१ मिळवायला ट्रक एक मीटरपेक्षा आत जाता कामा नये. ४८ चे ८० झाले की धडकेची ऊर्जा पावणेतीन पट, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. ३५८ असो की पॅलिसेड, या खेळात जाळी मोजायचीच नाही.

आपल्याला तेवढं नको. कोपऱ्यावर काँक्रीट भरलेले तीन जाड पाइप आणि रस्त्याकडच्या बाजूला मोठे दगड, पुढं गाडीला पळायला सरळ जागाच ठेवायची नाही. काम झालं.

८ जानेवारी

खोदाई. वरच्या अंगाला मुरूम, पहार आपटत होती, ओढ्याकडं काळी माती, कितीही खोल जा मऊच. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब हलवते, म्हणून तिकडं खड्डे खोल आणि खालनं रुंद घेतले, खांब दोन-अडीच मीटरवर आणले.

सगळ्यात डोकं खाल्लं ते नाल्यानं. कारखान्याचं पावसाचं पाणी कुंपणाखालनं ओढ्यात जातं, दोन फुटी पाइप. कुंपण आठ फुटाचं आणि खाली दोन फुटाचं भोक, माझा प्लायचा तुकडा आरामात जाईल. ग्रिल लावायची तर पाचट अडकतं आणि जुलैत पाणी आत तुंबतं, मग कुणीतरी वैतागून ग्रिल कापून टाकतं, हे दोन-तीन कारखान्यांत बघितलंय. तोडगा असा काढला : ग्रिल आतल्या तोंडाला, तिरकी, म्हणजे पाचट वर सरकतं आणि फावड्यानं ओढता येतं, २० मिमीचे बार १२५ मिमी अंतरावर, बिजागरी आणि कुलूप आतनं, किल्ली मेंटेनन्सकडं. जूनमधे दर आठवड्याला साफ करायचं हे कागदावर लिहून सही घेतली.

२३ जानेवारी

खांब आणि पट्ट्या हॉट डिप करून म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून आल्या. इथं एक भांडण झालं, सुपरवायझरचं म्हणणं शिअर नट कशाला, साधा नट लावून वेल्ड मारा, फुकटात काम. मारता येतं, पण वेल्डच्या जागी जस्त जळतं आणि कोल्हापूरच्या पावसात तिथनंच गंज धरतो, आणि चार वर्षांनी पॅनल बदलायचं झालं तर ग्राइंडर घेऊन बसा. शिअर नटच लावले. जिथं वेल्डला पर्याय नव्हता, गेटच्या चौकटीला, तिथं घासून झिंकचा पेंट दोन हात.

सेन्सर केबल बसवून झाली. पहिल्या रात्री वाऱ्यानं उसाचं पान घासलं तरी बझर. शेतकऱ्याशी बोलून कुंपणाजवळची पहिली सरी यंदापासनं मोकळी ठेवायचं ठरलं, त्याला तेवढ्याचे पैसे मालक देणार. संवेदनशीलता थोडी कमी केली. फार कमी करायची नाही, पण रात्रीत दहा वेळा वाजलं तर तात्या तिसऱ्या दिवशी वायर काढून ठेवतील, हे काय कुणी सांगायला पाहिजे का.

११ फेब्रुवारी

मागचं छोटं गेट. राख आणि जळकी वाळू काढायला लागतं म्हणून बंद करता येत नाही, नाहीतर मी भिंतच घातली असती.

कुंपणाला जे लागू तेच गेटला, पण गेटला बिजागरी आणि कुलूप ही दोन दुखणी वाढीव. साधी खुंट्याची बिजागरी असेल तर गेट खालनं पहारीनं उचललं की कुलपासकट निघून हातात येतं, म्हणून वरच्या बिजागरीचा खुंटा उलटा बसवला, वर उचलायला जागाच नाही. कुलूप उघड्यावर ठेवलं की बोल्ट कटरचं काम, म्हणून पत्र्याची जाड पेटी, खालनं हात घालून किल्ली लावायची, कटरचा जबडा कडीपर्यंत पोचत नाही. कुलूप लावणाऱ्या पोरांनी पहिल्याच दिवशी शिव्या घातल्या. गेटखाली काँक्रीटचा उंबरा, फट दोन इंचाच्या आत. आणि आडवी आगळ दोन्हीकडं खांबात शिरणारी, ती पन्हाळ्यावरनं उचललीय, मामांनी दीड इंची बारची केली.

गेटवर पण सेन्सर. सगळ्यात जास्त खोटे बझर इथनंच येणार, वाळूचा डंपर हलवतो म्हणून, त्यामुळं दिवसा गेटचा झोन बंद आणि रात्री पाळी बदलताना सुपरवायझरनं चालू करायचा, रजिस्टरला वेळ लिहून.

२४ फेब्रुवारी

चाचणी. मालक, तात्या, सगळे हजर. मामांच्या पुतण्याला बाहेरच्या बाजूनं सोडला, हत्यारं तीच, ग्राइंडर सोडून. हात लावल्याबरोबर बझर, फोकस लागले. चढायचा प्रयत्न केला, बूट घसरला. खाली पहार घातली, काँक्रीटला लागली. क्लॅम्प बघितला, सोडून दिला. मग कुरतडायला बसला. तात्यांनी फोन केले, शेजारचे दोघे वॉचमन काठ्या घेऊन आले, तोपर्यंत पठ्ठ्यानं तारा तोडल्या होत्या पण प्लायचा तुकडा अर्धा पण जात नव्हता. मालक खुश, चहा-भजी सांगितली.

मी त्यांना तिथंच सांगितलं की ग्राइंडर आणला असता तर चित्र वेगळं दिसलं असतं, आणि माणसं पोचायला लागला तेवढाच वेळ पुढच्या वर्षी पण लागला पाहिजे, शेजारचे वॉचमन बदलले की त्यांचे नंबर बदलून घ्या. कोटेशनच्या मागं हे पण टाइप करून दिलंय.

राहिलेलं : तुटलेल्या तारांचं पॅनल बदलायचं, जादा एक पॅनल स्टोअरमधे ठेवायचं. मोल्डिंग बॉक्स परत कंपाउंडला टेकवून ठेवायला सुरुवात झालीय, आज स्वतः फोटो काढून मालकांना पाठवला, आतल्या बाजूनं दोन मीटरवर पिवळा पट्टा मारून मागतोय. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूच्या कोपऱ्यात विजेचा खांब कुंपणाला लागून उभाय, तो हलवायचा अर्ज देऊन झालाय, तोपर्यंत खांबाला कॉइल गुंडाळता येणार नाही कारण तो आपला नाही, म्हणून तेवढ्या दोन पॅनलवर कुंपण आतल्या बाजूला वळवून घेतोय, त्याचे खड्डे परवापासनं.